जुन्या लॅपटॉपची परतीची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

घरातला जुना लॅपटॉप हा मोठा अवघड पाहुणा असतो. त्याला धड वापरवत नाही आणि टाकूनही देववत नाही. बटण दाबून चहा करून यावा, तरी पडद्यावरचा गोल फिरतोच आहे. मग कुणीतरी म्हणतं, "भंगारात द्या." दुसरा म्हणतो, "फॉरमॅट मारा." आणि तिसरा जाणता असतो, तो म्हणतो, "अहो, याच्यावर पूर्वीची विंडोज टाका, पळायला लागेल बघा."

या तिसऱ्या सल्ल्याबद्दल आज बोलायचं आहे. जुन्या यंत्रावर पुन्हा जुनी ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी का? नाशिकला द्वारका परिसरात अक्षरजुळणीचं काम करताना हा प्रश्न माझ्याकडे अनेकदा येतो. याचं एका शब्दात उत्तर नाही. पण एक प्रतिप्रश्न आहे, तो विचारला की उत्तर आपोआप सापडतं. तो प्रश्न असा : या लॅपटॉपकडून तुम्हाला नेमकं कोणतं काम करून घ्यायचं आहे?

आधी तो मंद का होतो, ते पाहू. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली तेव्हा तिला किमान ६४ एमबी रॅम पुरत असे. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते. म्हणजे वीस वर्षांत चौसष्ट पट! शिवाय टीपीएम नावाची सुरक्षेची चिप हवी, तीही अलीकडच्या आवृत्तीची. लॅपटॉप तोच, पण त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढत गेलेलं. त्यातून आत फिरत्या तबकड्यांची जुनी हार्डडिस्क असेल, तर नवी सिस्टीम सतत काहीतरी शोधत, नोंदवत, उतरवून घेत बसते आणि डिस्कला उसंत मिळत नाही. म्हणून पुष्कळदा मागे जायची गरजच नसते. रॅम वाढवली, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तरी निम्मं दुखणं बरं होतं. केवळ वेगासाठी मागे जायचं असेल, तर आधी हा उपाय करून पाहावा.

पण काही माणसांना वेगासाठी नव्हे, तर कामासाठीच मागे जावं लागतं. आपल्या मराठी माणसांत अशांची संख्या जरा जास्तच आहे. का, ते एका उदाहरणानं सांगतो.

आमच्या भागात एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. नोकरीच्या काळात निफाड तालुक्यातल्या खेड्यांतून फिरताना त्यांनी बायकांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घेतल्या. निवृत्तीनंतर २०१० साली लॅपटॉप घेतला, मराठी टायपिंगचं एक पॅकेज घेतलं आणि दोन बोटांनी टाइप करत तीनशेच्या वर पानं तयार केली. वह्या पुढे घर बदलताना पावसात भिजल्या. एक छापील प्रत होती, ती कुणाला तरी वाचायला दिली ती परत आली नाही. ज्या बायकांनी ओव्या सांगितल्या, त्यांतल्या बहुतेक आता हयात नाहीत. राहिला तो लॅपटॉप.

२०१६ मध्ये नातवानं हौसेनं त्यावर नवी सिस्टीम चढवली. आजोबांचं यंत्र अद्ययावत व्हावं, एवढाच त्याचा हेतू. पण मराठीचं ते पॅकेज नव्या सिस्टीमवर उघडेना. फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. पेन ड्राइव्हमधल्या प्रतीचीही तीच गत. नातू म्हणाला, "आजोबा, फाइल खराब झाली असेल. नवीन लॅपटॉप घेऊ आपण." गुरुजींनी लॅपटॉप कपाटात ठेवून दिला, तो कित्येक वर्षांनी माझ्याकडे आणला. म्हणाले, "नवा घेईन हो, पण त्यात या बायका कुठून आणू?"

फाइल खराब झालेली नव्हती. ती होती तशीच होती. घोळ होता तो आपल्या जुन्या मराठी फॉन्टचा.

युनिकोड सर्रास वापरात येण्यापूर्वी संगणकावर मराठी लिहायची एक युक्ती होती. संगणकाला इंग्रजी अक्षरंच कळत. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवली. उदाहरणार्थ, कृतिदेव फॉन्टमध्ये इंग्रजी 'डी'च्या जागी 'क' आहे आणि 'के'च्या जागी काना आहे. तुम्ही 'काका' लिहिलंत, की फाइलमध्ये साठवलं जातं डी, के, डी, के. संगणकाच्या लेखी तिथं काका नसतातच, फॉन्टचा चष्मा लावला तरच ते दिसतात. चष्मा काढला की उरते इंग्रजी खिचडी. आणि प्रत्येक कंपनीचा चष्मा वेगळा! पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमचा एक, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीचा दुसरा, आकृतीचा तिसरा. एकाचं लेखन दुसऱ्याला वाचता येत नसे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच आली होती आणि विंडोज २००० पासून विंडोजमध्ये मराठीची सोयही होती. पण छपाईचा धंदा चालत होता पेजमेकरवर. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची आणि तिला युनिकोडमधली देवनागरी पेलत नव्हती. त्यामुळे लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत आपलं मराठी लेखन कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टमध्येच होत राहिलं. त्यातल्या अनेक पॅकेजना डोंगल नावाची किल्ली लागे. संगणकाच्या मागे ती खोचली तरच कार्यक्रम उघडायचा. सिस्टीम बदलली आणि त्या किल्लीचा ड्रायव्हर चालेनासा झाला, की कुलूप लागलंच समजा. शिवाय फार जुने १६ बिटचे कार्यक्रम असतील, तर ते ६४ बिटच्या विंडोजवर मुळीच चालत नाहीत.

द्वारका चौक ज्यांना माहीत आहे, त्यांच्या हे पटकन ध्यानात येईल. मुंबई-आग्रा रस्त्यावर आता उड्डाणपूल आहे. धुळ्याकडे निघालेला माणूस वरच्या वर निघून जातो आणि त्याचं भलंच होतं. पण ज्याला पुणे रस्त्याला लागायचं आहे किंवा सारडा सर्कलकडे वळायचं आहे, त्याला खालच्या चौकातच यावं लागतं. म्हणून पूल बांधला ते चुकलं असं होत नाही आणि चौक जुनाट झाला असंही नाही. कुठं जायचं आहे, त्यावर रस्ता ठरतो. गुरुजींना खालच्या चौकात यायचं होतं. म्हणून आम्ही मागे जायचं ठरवलं.

आता हे कसं करतात ते क्रमानं सांगतो, कारण घाईत हेच चुकतं.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत काढणं. सिस्टीमला हात लावण्यापूर्वी सगळ्या फाइलींच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. नुसत्या फाइली नव्हे, तर फॉन्टसुद्धा. मागे जाणं म्हणजे बहुतेक वेळा सी ड्राइव्ह पुसणं आणि डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी ड्राइव्हमध्येच असतं. पंधरा वर्षांच्या हार्डडिस्कला तर ही प्रत शेवटची संधी असू शकते. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली, तर ती लावून काही करू नये. आधी जाणकाराकडून काढून घ्यावी.

दुसरी गोष्ट, परत जायचा हक्काचा मार्ग शोधणं. विंडोज १० किंवा ११ वर नुकतेच गेला असाल, तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधूनच मागे जाता येतं. जुनी सिस्टीम तोवर एका फोल्डरमध्ये राखून ठेवलेली असते. दहा दिवस उलटले की ती सोय संपते. मग लॅपटॉप उलटा करून पाहायचा. विंडोज ७ पर्यंतच्या लॅपटॉपच्या पोटावर एक चिकटपट्टी असे. तिच्यावर कोणती विंडोज ते नाव आणि पंचवीस अक्षरी क्रमांक. विंडोज ८ पासून हा क्रमांक यंत्राच्या आतल्या चिपमध्ये असतो. अनेक कंपन्या हार्डडिस्कच्या एका लपवलेल्या भागात मूळ सिस्टीमची प्रत ठेवत. यंत्र सुरू होताना ठरावीक कळ दाबली, की ती प्रत पुन्हा बसवता येते. कळ कोणती, ते कंपनीप्रमाणे बदलतं. गुरुजींच्या लॅपटॉपमधला तो भाग सुदैवानं शाबूत होता. तासाभरात यंत्र २०१० सालच्या रूपात परतलं. हा मार्ग नसेल तर मूळ डीव्हीडी शोधावी. पण कुठूनतरी मिळालेली, कुणीतरी 'फोडलेली' विंडोज टाकू नये. चोरवाटेनं आलेल्या सिस्टीमबरोबर चोरही घरात येतो.

तिसरी गोष्ट ड्रायव्हरची. आवाज, पडदा, वायफाय, छपाईयंत्र या प्रत्येकाला सिस्टीमशी बोलायला एक दुभाष्या लागतो. पुसण्यापूर्वीच हे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावेत. नाहीतर वायफायचा ड्रायव्हर उतरवायला वायफाय हवं आणि वायफायला ड्रायव्हर हवा, असा तिढा पडतो. एक्सपी टाकायची असेल तर आणखी एक अडचण. तिच्या मूळ सीडीत सेटा डिस्कच्या एएचसीआय पद्धतीचा ड्रायव्हर नाही, त्यामुळे मध्येच निळा पडदा येतो. बायोसमध्ये जाऊन डिस्कची पद्धत आयडीई केली की गाडी पुढे सरकते. एक्सपीत युनिकोडमधलं मराठी नीट दिसण्यासाठी भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागते आणि त्या वेळी तिची सीडी मागितली जाते. अनेकांना हे ठाऊक नसतं आणि ते म्हणतात, एक्सपीत मराठी नाहीच!

चौथी गोष्ट, तारीख पाहा. आतला छोटा सेल संपला असेल, तर यंत्राचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि मग सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, परवान्यांची तक्रार सुरू होते. सेल बदलला की प्रश्न मिटतो.

गुरुजींच्या लॅपटॉपवर आम्ही पॅकेज पुन्हा बसवलं. डोंगल त्यांनी औषधाच्या डबीत जपून ठेवली होती. ती खोचली, फाइल उघडली आणि पडद्यावर ओव्या दिसल्या. गुरुजी काही बोलले नाहीत. खुर्ची पुढे ओढून ते पहिल्या पानापासून वाचायलाच बसले.

इथं गोष्ट संपवली असती तर छान वाटलं असतं. पण खरं काम यानंतरच सुरू झालं. कारण मागे गेलेलं यंत्र हे फक्त मागच्याच कामाचं असतं.

विंडोज एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं ८ एप्रिल २०१४ ला थांबलं आणि विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० ला. याचा अर्थ त्यानंतर सापडलेली भोकं उघडीच राहिली. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरच्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विंडोज ७ ची त्या वेळी मुदत संपलेली नव्हती आणि या भोकाची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, पण अनेकांनी ती लावलीच नव्हती. एक्सपीचा आधार तर तीन वर्षांपूर्वीच संपलेला. तरी त्या प्रसंगी मायक्रोसॉफ्टला तिच्यासाठी खास दुरुस्ती काढावी लागली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं जून २०१८ मध्ये बँकांना सांगितलं, की आधार संपलेल्या सिस्टीमवर चालणारी एटीएम यंत्रं जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्यानं बदला. जे बँकेच्या यंत्राला लागू, ते आपल्यालाही लागू. जुन्या विंडोजवर बँकेचा व्यवहार, आधार, पॅन, ईमेल यातलं काहीही करू नये. तसंही ते नीट होत नाही. एक्सपीतला इंटरनेट एक्सप्लोरर आजच्या सुरक्षित संकेतस्थळांची भाषा बोलत नाही आणि गूगल क्रोमनं २०२३ मध्ये विंडोज ७ ची साथ सोडली. फार काय, २०१० मध्ये ठरलेलं आपलं रुपयाचं चिन्हसुद्धा एक्सपीबरोबर आलेल्या फॉन्टमध्ये नाही. त्या जागी चौकोन दिसतो.

म्हणून गुरुजींच्या लॅपटॉपचं वायफाय आम्ही बंदच करून टाकलं. फाइल आणायची-न्यायची ती वेगळ्या ठेवलेल्या पेन ड्राइव्हवरून, आणि तो नव्या संगणकावर तपासून. ते यंत्र आता एकच काम करतं. जुनं वाचून दाखवण्याचं.

आणि हे वाचून दाखवणंही कायमचं नाही. हार्डडिस्क कधीतरी जाईल, डोंगल कधीतरी तुटेल. तेव्हा मागे जाऊन मिळालेला वेळ कशासाठी वापरायचा? तर मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी. युनिकोडमध्ये 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो, कुठल्याही फॉन्टमध्ये, कुठल्याही यंत्रावर, मोबाइलवरसुद्धा. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारी साधनं आहेत. पण त्यांच्यावर डोळे मिटून भिस्त ठेवू नये. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करत, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते, कारण ती नंतर उच्चारतात. रफाराचं उलट. तो जुन्या पद्धतीत मागून येई, युनिकोडमध्ये आधी येतो. या उलटापालटीत, विशेषतः जोडाक्षरांपाशी, चुका राहतातच.

ओव्यांच्या बाबतीत आणखी एक धोका होता. बायकांनी जसं म्हटलं तसंच गुरुजींनी उतरवलेलं. 'होतं' नव्हे 'व्हतं', 'नाही' नव्हे 'न्हाई'. संगणकातला शुद्धलेखन तपासनीस अशा प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढतो आणि सुधारायला सुचवतो. त्याचं ऐकलं असतं, तर ओव्या वाचल्या असत्या, पण त्या बायकांची बोली गेली असती. म्हणून रोज संध्याकाळी जुना लॅपटॉप डावीकडे, नातवाचा नवा उजवीकडे. डावीकडचं पाहून गुरुजी मोठ्यानं वाचणार आणि नातू उजवीकडचं दुरुस्त करणार. रोज पाच-सहा पानं. नातवाला जातं कसं असतं ते ठाऊक नव्हतं. आता ओवीचा ताल चुकला तर तो आजोबांना थांबवतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे अनेकांना माहीत असेल. तेवढं मोठं काम प्रत्येकाच्या हातून होत नाही. पण आपल्या गावाचा इतिहास, कुळाची वंशावळ, वडिलांच्या कविता, संस्थेची इतिवृत्तं असं काहीतरी अनेक घरांतल्या जुन्या यंत्रांत अडकून पडलेलं आहे. २००० ते २०१० च्या दशकात आपल्याकडे अनेक घरांत संगणक आला आणि लिहिती माणसं त्यावर मराठी लिहू लागली, ती याच जुन्या फॉन्टमध्ये.

आता ज्यांच्याकडे असं काही अडकलेलं नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवण्यासाठी नोंदणीची योजना कंपनीनं जाहीर केली. अशा वेळी "मग आपली विंडोज ७ च बरी" असं म्हणून मागे जाऊ नका. ते छत गळतंय म्हणून अंगणात झोपण्यासारखं होईल. यंत्र विंडोज ११ ला चालत नसेल आणि इंटरनेट तर वापरायचं असेल, तर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती टाकावी. ती फुकट असते, तिच्यात मराठी असतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. आपल्या सी-डॅकनं तयार केलेली बॉस नावाची भारतीय आवृत्तीही आहे. फक्त यंत्र ६४ बिटचं आहे ना, ते पाहावं. डेबियननं ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या यंत्रांवर नव्यानं बसवण्याची सोय बंद केली. आणि जुनं सॉफ्टवेअर कधीमधीच लागत असेल, तर नव्या संगणकातच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक करून त्यात जुनी सिस्टीम चालवता येते. मात्र डोंगल तिथं चालेलच असं नाही.

तेव्हा मंडळी, एवढंच करा. या दिवाळीची आवराआवर करताना भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी जुना लॅपटॉप एकदा सुरू करून पाहा. त्याच्या पोटावरच्या चिकटपट्टीचा फोटो काढून ठेवा. ड्रॉवरमधल्या जुन्या सीड्या आणि ती बिनकामाची वाटणारी छोटी डोंगल फेकू नका. फाइलींत इंग्रजी खिचडी दिसली, तर ती पुसू नका. ती कदाचित तुमच्या वडिलांची मराठी असेल. आणि ज्यांनी ते लिहिलं, ती माणसं अजून आपल्यात असतील, तर हे काम पुढच्या सुटीवर ढकलू नका. यंत्र मागे नेता येतं. कुठला शब्द कसा म्हणायचा, हे सांगणारं माणूस मात्र एकदा गेलं की मागे आणता येत नाही.